वर्डस्टारचे बाइट स्वतः बदला: सीपी/एमवर पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

वर्डस्टार म्हणजे सीपी/एम ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात फाइल उघडली की पहिलं काय होतं, तर स्क्रीनचा वरचा मोठा तुकडा मेन्यूच खाऊन टाकतो. कंट्रोल-एस म्हणजे डावीकडे, कंट्रोल-डी म्हणजे उजवीकडे, वगैरे वगैरे. नवीन माणसाला ठीक आहे, पण ज्याच्या बोटांना ह्या कळा पाठ आहेत त्याला २४ ओळींच्या स्क्रीनवर लिहायला जागा उरते जेमतेम. मग कंट्रोल-जे, एच, आणि १ दाबायचं, मेन्यू गायब. प्रोग्राम बंद करून परत उघडला की परत तेच. मी हे किती महिने रोज करत होतो ते सांगायला लाज वाटते, कारण हा त्रास कायमचा घालवायला फक्त एक बाइट बदलावा लागतो. एकच.

हा लेख त्या एका बाइटसाठी आहे, आणि तो जमला की आणखी दोन-तीन करून बघू. असेंब्ली यायची गरज नाही. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजता यावं लागतं, तेवढं इथेच सांगतो.

एक सूचना आधीच. मी सगळं देवनागरीत लिहितोय, आकडे पण आणि कमांड पण. तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्लिश अक्षरं आणि इंग्लिश आकडे दाबायचे. मी "१बी" लिहिलं की एक आणि बी, "२४एफ" लिहिलं की दोन, चार, एफ.

मुळात हे बाइट बाहेर ठेवलेच का

वर्डस्टार आला १९७८ मध्ये, मायक्रोप्रो इंटरनॅशनल ही सेमूर रुबिनस्टाइन यांची कंपनी आणि प्रोग्राम लिहिला रॉब बार्नबी यांनी. तेव्हा सीपी/एम चालवणारी मशीन पन्नास तऱ्हेची होती आणि प्रत्येकाचा टर्मिनल, म्हणजे स्क्रीन-कीबोर्डचा संच, वेगळा. एकाला कर्सर हलवायला एक कोड लागायचा, दुसऱ्याला दुसरा. ऑस्बॉर्न १ (१९८१) घ्या, त्याची पाच इंची स्क्रीन, त्यात एका वेळी ५२ अक्षरं दिसायची, आणि शेजारच्या टेबलावर ८० कॉलमचा टर्मिनल. आता प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्राम कोण बनवणार? म्हणून त्यांनी काय केलं, तर स्क्रीन किती ओळींची, किती कॉलमची, कर्सर कसा हलवायचा, ठळक कसं दाखवायचं हे सगळं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ठरलेल्या जागी मांडून ठेवलं. मागचा कोड कितीही बदलो, ह्या जागा तिथेच. नुसत्या जागा ठेवल्या नाहीत, त्यांना नावं पण दिली आणि मॅन्युअलमध्ये छापली.

म्हणजे आपण जे करणार आहोत ते चोरून कुलूप उघडणं नाहीये, लिहिणाऱ्यानेच खिडकी ठेवलीये आपल्यासाठी. हे सांगतोय कारण अशा तयार प्रोग्रामचे बाइट बदलण्याला पॅच म्हणतात, आणि नवीन लोक तो शब्द ऐकला की घाबरतात.

काय काय लागेल

खरं सीपी/एम मशीन असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर रनसीपीएम नावाचा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, विंडोज-लिनक्सवर चालतो, एवढंच काय छोट्या ईएसपी३२ बोर्डावर पण चालतो. त्यात ए ड्राइव्ह म्हणजे "ए" नावाचा फोल्डर आणि त्यात "०" नावाचा फोल्डर, फाइली तिथे टाकायच्या. लिनक्सवर फाइलींची नावं मोठ्या लिपीत ठेवा नाहीतर सापडत नाहीत, ह्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

वर्डस्टार ३.३ ची सीपी/एमवाली कॉपी लागेल, आणि ती तुमच्या टर्मिनलवर आधीच नीट चालत असली पाहिजे. म्हणजे कर्सर जिथे हवा तिथे जातोय, ओळी एकमेकांवर चढत नाहीयेत. ती चालत नसेल तर आधी सोबतचा इन्स्टॉल प्रोग्राम चालवून टर्मिनल निवडा, मगच इकडे या. मुख्य फाइल डब्ल्यूएस.कॉम, आणि तिच्याबरोबर दोन ओव्हरले फाइली (प्रोग्रामचे लागतील तसे मेमरीत येणारे तुकडे) असतात ज्यांच्या नावाच्या शेवटी ओव्हीआर असतं, त्या दोन्ही त्याच डिस्कवर हव्यात. त्यांना आपण हात लावणार नाही.

आणि लागेल डीडीटी, प्रोग्रामचे बाइट बघायचा आणि बदलायचा प्रोग्राम. नाव ऐकून हसू नका, गावात फवारायला यायचे ती पावडर आणि हा प्रोग्राम, दोन्ही किडे मारायलाच. सीपी/एमबरोबरच येतो, डिजिटल रिसर्चचा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वही-पेन. गंमत नाही करत. कुठल्या पत्त्यावर आधी काय होतं आणि मी काय लिहिलं, हे कागदावर पाहिजे.

सोळा आण्यांचा हिशेब

हेक्स शिकवताना लोक तक्ते दाखवतात, मला ते कधी डोक्यात शिरले नाहीत. मला शिरलं ते आजीच्या हिशेबाने. सोळा आण्यांचा एक रुपया. हेक्समध्ये दोन आकडे असतात, डावीकडचा रुपये, उजवीकडचा आणे. संपलं.

हेक्स १८ म्हणजे एक रुपया आठ आणे, म्हणजे दीड रुपया, म्हणजे २४ आणे. म्हणून २४ ओळींची स्क्रीन हेक्समध्ये १८. हेक्स ५० म्हणजे पाच रुपये, ८० आणे, म्हणून ८० कॉलम हेक्समध्ये ५०. हेक्स २८ म्हणजे अडीच रुपये, ४० आणे. आण्यांच्या जागी नऊच्या पुढे जायचं असेल तर दहा आणे म्हणजे ए, अकरा बी, असं करत पंधरा आणे म्हणजे एफ. म्हणून १बी म्हणजे एक रुपया अकरा आणे, २७. ही २७ लक्षात ठेवा, ती एस्केप कळ आहे, पुढे सारखी भेटणार आहे.

आधी कॉपी, मग बाकीचं

मूळ फाइलवर काम करायचं नाही. कॉपी करायची कमांड आहे पिप. ए> ह्या प्रॉम्प्टवर:

पिप डब्ल्यूएसएन.कॉम=डब्ल्यूएस.कॉम[व्ही]

शेवटच्या चौकोनी कंसातला व्ही म्हणजे लिहिल्यावर परत वाचून तपास. आता डब्ल्यूएसएन ही आपली खेळायची कॉपी. नाव बदललं तरी प्रोग्राम चालतो, कारण तो ओव्हरले फाइली त्यांच्याच नावाने शोधतो. एकदा चालवून बघून घ्या, म्हणजे नंतर काही बिघडलं तर ते पॅचमुळे बिघडलं हे तरी कळेल.

आता:

डीडीटी डब्ल्यूएसएन.कॉम

डीडीटी स्वतःची आवृत्ती सांगेल आणि खाली दोन शब्द दाखवेल, नेक्स्ट आणि पीसी, त्यांच्या खाली दोन आकडे. पीसीखाली ०१०० असतं, कारण सीपी/एममध्ये प्रत्येक कॉम फाइल मेमरीत ०१०० पासूनच भरली जाते. नेक्स्टखालचा आकडा म्हणजे फाइल संपल्यावरचा पहिला मोकळा पत्ता. समजा ४३०० आला. हा आकडा आत्ताच्या आत्ता वहीत लिहा. नंतर लिहू म्हणालात तर तो स्क्रीनवरून वर सरकून जातो आणि मग सगळं पहिल्यापासून. खाली एक छोटी आडवी रेघ दिसेल, तो डीडीटीचा प्रॉम्प्ट.

हात लावायच्या आधी नुसतं बघा

रेघेपुढे टाइप करा:

डी२४०,२४एफ

डी म्हणजे दाखव. एक ओळ येईल, डावीकडे पत्ता ०२४०, मग सोळा बाइट, आणि उजवीकडे त्याच बाइटची अक्षरं, जे छापता येत नाही तिथे टिंब. आता पहिले आठ सोडून द्या आणि नवव्यापासून वाचा, कारण २४० पासून मोजलं तर नववा बाइट हा २४८ वर येतो. माझ्याकडच्या एका कॉपीत तिथून पुढे असं आहे:

१८ ५० ०२ १बी ३डी

पहिला १८, म्हणजे दीड रुपया, २४ ओळी. दुसरा ५०, ८० कॉलम. ह्या दोन जागांची मॅन्युअलमधली नावं हाइट आणि विड. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा खरं सांगतो अंगावर काटा आला होता, कारण आत्तापर्यंत नुसता कचरा वाटणाऱ्या आकड्यांमध्ये अचानक माझी स्क्रीन दिसली. उजव्या बाजूला ५० च्या जागी पी अक्षर दिसेल, त्याने गोंधळू नका, तो पी नाहीये, ८० आहे, डीडीटीला काय माहीत तुम्ही त्याला आकडा म्हणून वाचताय की अक्षर म्हणून.

पुढचे तीन एकत्र वाचायचे. ०२ म्हणजे "पुढे दोन बाइट आहेत", मग १बी म्हणजे एस्केप, आणि ३डी म्हणजे बरोबरचं चिन्ह. एस्केप आणि बरोबर, ही एडीएम-३ए पद्धतीच्या टर्मिनलची कर्सर हलवायची खूण, केप्रो आणि ऑस्बॉर्नवर पण हीच. तुमच्याकडे ३डी च्या जागी ५बी असेल तर ती चौकोनी कंसाची खूण, म्हणजे तुमची कॉपी एएनएसआय पद्धतीच्या टर्मिनलसाठी लावलेली आहे, आजकालच्या टर्मिनल विंडोत साधारण हेच चालतं.

आता कळीचा मुद्दा. २४८ वर १८ आणि २४९ वर ५० दिसलं तरच पुढे जा. नाही दिसलं तर तुमची आवृत्ती वेगळी आहे, तिचे पत्ते वेगळे, आणि माझे आकडे तिथे ठोकलेत तर तुम्ही कुणाच्या तरी कोडमध्ये खिळा ठोकताय. ही सवय वर्डस्टारपुरती नाही, कुठलाही जुना प्रोग्राम पॅच करायचा असेल तर आधी "इथे जे असायला हवं ते आहे का" हे बघायचं आणि मगच लिहायचं. कुणीतरी दिलेला पत्ता आंधळेपणाने भरला की हमखास वाट लागते.

पहिला पॅच: मेन्यू गप्प बसवायचा

मेन्यूची पातळी ठरवणारा बाइट आहे ०३६० वर, त्याचं नाव आयटीहेल्प. त्यात ०३ असतो, म्हणजे सगळे मेन्यू दाखव. ०२ केला तर लिहिताना वरचा मोठा मेन्यू जातो पण कंट्रोल-के किंवा कंट्रोल-क्यू दाबून थांबलात तर त्यांचे छोटे मेन्यू येतात. ०१ केला की ते पण जातात. ०० केला तर जी काही थोडीफार समजावणी उरते ती सुद्धा बंद. नवीन असाल तर ०२ ठेवा, माझं मत विचाराल तर ०१ सगळ्यात छान, ०० मध्ये उगाच रुसल्यासारखं वाटतं.

रेघेपुढे:

एस३६०

एस म्हणजे बदल. डीडीटी दाखवेल ०३६० ०३ आणि थांबेल. ०३ आहे ना? वहीत लिहिलं ना? आता ०१ टाइप करून एंटर. लगेच पुढचा पत्ता दाखवेल, ०३६१. तो आपल्याला नकोय. इथे एक टिंब टाइप करा आणि एंटर, म्हणजे बदलायचं काम संपलं. नुसता एंटर दाबला तर बाइट आहे तसा राहतो आणि तो पुढे पुढे सरकत राहतो, घाबरायचं काही नाही, कधीही टिंब देऊन बाहेर या.

खात्रीसाठी डी३६०,३६एफ करून बघा, पहिला बाइट ०१ दिसला पाहिजे.

इथवर फक्त मेमरीतली कॉपी बदललीये, डिस्कवर अजून काही गेलेलं नाही. काहीजण इथे जी१०० देऊन प्रोग्राम चालवून बघायचा मोह करतात. तसं करून परत येऊन सेव्ह करू नका, कारण प्रोग्राम एकदा धावला की स्वतःचेच बाइट इकडे तिकडे बदलून ठेवतो आणि ते पण तुमच्या फाइलीत जातील.

सेव्हचा आकडा, जिथे सगळे पडतात

आता जी० द्या किंवा कंट्रोल-सी, डीडीटीतून बाहेर. ए> आला. मध्ये दुसरा कुठलाही प्रोग्राम चालवायचा नाही, कारण जो चालवाल तो पण ०१०० पासूनच मेमरीत बसणार आणि तुमचं काम त्याच्याखाली गाडलं जाणार. सरळ सेव्ह.

सेव्हला सांगावं लागतं किती पानं. एक पान म्हणजे २५६ बाइट. आणि इथे खोड अशी आहे की सीपी/एम २.२ मध्ये हा आकडा साध्या दशमानात द्यायचा, आत्तापर्यंत सगळं हेक्समध्ये चाललं होतं तरी. वहीतला नेक्स्ट काढा: ४३००. शेवटचे दोन आकडे ०० असतील तर पहिल्या जोडीतून एक वजा करायचा, ४३ मधून एक गेला ४२. शेवटी ०० सोडून दुसरं काही असेल, उदाहरणार्थ ४२८०, तर वजा काही नाही, ४२ तसाच घ्यायचा. आता ४२ हा हेक्स आहे, चार रुपये दोन आणे, चार सोळा चौसष्ट आणि दोन, ६६. म्हणून:

सेव्ह ६६ डब्ल्यूएस१.कॉम

मी पहिल्यांदा काय केलं असेल? सेव्ह ४२. अगदी आत्मविश्वासाने. फाइल झाली, प्रोग्राम उघडला, सुरुवातीचा मेन्यू पण आला, मला वाटलं जिंकलो, आणि मग फाइल उघडायला डी दाबला तर जे काही घडलं त्याला मराठीत शब्द नाही. ६६ पानांपैकी ४२ च लिहिली होती, मागची २४ पानं कापलेली. त्यातही मी ते मूळ नावावरच सेव्ह केलं होतं, आणि सीपी/एमचा सेव्ह जुनी फाइल आहे, पुसू का, असं काही विचारत नाही, पुसतो आणि लिहितो. म्हणून वरच्या ओळीत मी डब्ल्यूएसएन न लिहिता नवीन नाव लिहिलंय, डब्ल्यूएस१. प्रत्येक यशस्वी पॅचला पुढचा आकडा, १, २, ३. जागेची काळजी आता कुणाला आहे.

आता डब्ल्यूएस१ चालवा, एखादी फाइल उघडा. वर फक्त स्टेटसची ओळ आणि पट्टी, खाली सगळी स्क्रीन तुमची.

दुसरा पॅच सोपा, तिसऱ्यात मजा

इन्सर्ट मोड आवडत नसेल, म्हणजे टाइप केलेलं जुन्यावरच चढावं असं वाटत असेल, तर ०३६२ बघा, नाव आयटीआयटॉग. तिथे एफएफ असतो, म्हणजे इन्सर्ट चालू. ०० केला की बंद अवस्थेत उघडेल. बाकी कृती वरचीच.

ओळी वाढवायच्या असतील तर २४८. तुमची टर्मिनल विंडो खरंच ४० ओळींची असेल तर १८ च्या जागी २८, अडीच रुपये. घाईघाईत ४० लिहिलं तर चार रुपये, ६४ ओळी, आणि वर्डस्टार बिचारा तुम्ही सांगितलं म्हणून ६४ ओळींच्या हिशेबाने लिहीत बसतो आणि खालच्या ओळी सगळ्या तळाशी एकमेकांवर आदळतात. असं दिसलं की समजायचं हेक्स विसरलो.

आणि आता माझा आवडता. वर्डस्टार मेन्यूतले काही शब्द आणि मार्क केलेला ब्लॉक ठळक करून दाखवतो, ते ठळक चालू करायचा कोड ०२८४ पासून असतो, आयव्हीऑन, आणि बंद करायचा ०२८बी पासून, आयव्हीऑफ. दोन्हीकडे सात-सात बाइटची जागा, पहिला बाइट म्हणजे मोजदाद, उरलेले सहा कोडसाठी. एएनएसआय टर्मिनलवर उलटे रंग दाखवणारी कॉपी असेल तर डी२८०,२८एफ केल्यावर २८४ पासून असं दिसेल:

०४ १बी ५बी ३७ ६डी

चार बाइट आहेत, एस्केप, चौकोनी कंस, मग ३७ म्हणजे ७ हे अक्षर, आणि ६डी म्हणजे छोटा एम. टर्मिनलच्या भाषेत ७ म्हणजे रंग उलटे. मला ते उलटे रंग डोळ्यात खुपतात, मला हवं होतं अधोरेखित, त्याचा आकडा ४. मोजा बरं: २८४ वर ०४, २८५ वर १बी, २८६ वर ५बी, २८७ वर ३७. म्हणजे एस२८७ देऊन ३७ च्या जागी ३४. नुसतं उजळ हवं असेल तर ३१. लांबी तीच राहते म्हणून पहिल्या ०४ ला हात लावायचा नाही. पण समजा तुम्ही वेगळ्या टर्मिनलचा दोनच बाइटचा कोड भरलात, तर पहिला बाइट ०२ करायलाच हवा, नाहीतर वर्डस्टार मागचे दोन जुने बाइट पण पाठवेल आणि स्क्रीनवर मधूनच कुठूनतरी एखादं छोटं एम उगवेल. असं अनाथ अक्षर दिसलं की नव्वद टक्के मोजदाद चुकलेली असते.

आता ह्यातली गंमत. आकडा ७ आणि अक्षर ७ वेगळे. अक्षर ७ चा कोड ३७, आणि ०७ हा कोड म्हणजे घंटा! मी एकदा परत उलटे रंग आणायला गेलो आणि ३७ ऐवजी ०७ भरलं. झालं काय, तर प्रत्येक ठळक शब्दाला एक टिंग. मेन्यू उघडला की टिंगटिंगटिंगटिंग, आणि ठळक तर काहीच दिसेना. रात्री साडेअकराला आतल्या खोलीतून "काय चाललंय?" आलं तेव्हा हेडफोन शोधायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, २८७ वर आधी ३७.

डीडीटी नकोच असेल तर

दोन रस्ते आहेत. पहिला वर्डस्टारचाच इन्स्टॉल प्रोग्राम. टर्मिनल, प्रिंटर वगैरे निवडून झालं की तो शेवटी विचारतो, बदल पूर्ण झाले का. सगळे तिथे वाय दाबून मोकळे होतात. एन दाबा. मग तो विचारतो कुठली जागा बदलायची, आणि तिथे पत्ता न देता सरळ नाव देता येतं, फक्त नावापुढे अपूर्णविराम द्यायचा, दोन टिंबांचा. म्हणजे एच, आय, टी, ई आणि पुढे अपूर्णविराम. तो स्वतःच पत्ता शोधतो, जुनी किंमत दाखवतो, नवीन विचारतो. ० दिलं की बाहेर. पानांचा हिशेब नाही, सेव्ह नाही, काही नाही. मग मी आधी डीडीटी का शिकवलं? कारण इन्स्टॉल फक्त वर्डस्टारला चालतो, डीडीटी सगळ्यांना, आणि बाइट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पटत नाहीत.

दुसरा रस्ता म्हणजे आजच्या मशीनवर हेक्स एडिटरमध्ये ती फाइल उघडायची. चालतं, पण एक खड्डा आहे. हेक्स एडिटर फाइल ० पासून मोजतो, आणि सीपी/एम ती ०१०० वर भरतो. म्हणून प्रत्येक पत्त्यातून हेक्स १०० वजा करायचे. ०३६० बघायला ०२६० वर जायचं, ०२४८ साठी ०१४८. हे विसरून थेट ३६० वर गेलात तर तिथे भलतंच काहीतरी असेल, आणि म्हणूनच परत तेच, आधी ०३ दिसतोय का बघा.

पॅच झाल्यावर नेमकं काय बदललं ते तपासायला विंडोजमध्ये एफसी कमांड स्लॅश बी लावून दोन्ही फाइली द्या. मेन्यूवाल्या पॅचला एकच ओळ यायला हवी, ०२६० वर ०३ चं ०१. दोन ओळी आल्या तर कुठेतरी बोट घसरलंय. लिनक्सवर सीएमपी आहे, उणे एल लावून, पण तो जागा दशमानात आणि १ पासून मोजून दाखवतो, आणि बाइट दाखवतो ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पटीत, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. फाइलची लांबी १२८ बाइटने वाढलेली दिसली तर काळजी नको, सेव्ह पूर्ण पानं लिहितो, सीपी/एमची डिस्क मोजते १२८ च्या हिशेबाने, शेवटचं अर्धं पान असेल तर ते पूर्ण होतं एवढंच.

डॉसवाल्यांसाठी थोडक्यात

आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये ज्यांनी वर्डस्टार शिकला त्यांनी बहुतेक डॉसवरच शिकला, मी पण, सांगलीत एका जिन्याखालच्या क्लासमध्ये, तीन मुलांत एक मशीन, आणि वहीत कंट्रोल-केएक्स म्हणजे सेव्ह करून बाहेर असं सुवाच्य अक्षरात. तिथे डीडीटीच्या जागी डीबग असतो. एन ने फाइलचं नाव, एल ने भरायची, डी ने बघायचं, ई ने बदलायचं, डब्ल्यू ने लिहायचं, क्यू ने बाहेर. पानांचा हिशेब करावा लागत नाही, लांबी तो स्वतः सीएक्स रजिस्टरमध्ये धरून ठेवतो, हे फार सुख आहे. पण लक्षात घ्या, तो थेट मूळ फाइलवर लिहितो, म्हणून डब्ल्यूच्या आधी एन ने नवीन नाव द्या. आणि नावाच्या शेवटी ईएक्सई असलेली फाइल तो लिहूनच देत नाही. वरचे सीपी/एमचे पत्ते डॉसच्या फाइलीत वापरू नका.

वर्डस्टार ४ आणि पुढचं असेल तर डीबगची गरजच नाही, डब्ल्यूएसचेंज नावाचा प्रोग्राम येतो त्यात मेन्यूतून सगळं होतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन ह्याच ४ वर, डॉसमध्ये, कादंबऱ्या लिहितात, हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय.

अडलं तर

पॅच केलेला प्रोग्राम उघडताच अडकला तर आधी सेव्हचा आकडा तपासा, बहुतेक तिथेच असतं. उघडतो पण स्क्रीन कचरा झालीये तर २४८ ते २६० मधलं काहीतरी हललंय, मूळ फाइलमध्ये डी ने दिसणाऱ्या बाइटशी जुळवून बघा. उघडतो, चालतो, पण पॅच लागूच झाला नाही असं वाटतं, तर तुम्ही सवयीने डब्ल्यूएस टाइप केलंय, डब्ल्यूएस१ नाही. हे मी आठवड्यातून एकदा करतो.

एका वेळी एकच बदल करा. तीन पॅच एकदम मारले आणि स्क्रीन काळी झाली की कुठल्याने झाली ते शोधत बसावं लागतं. आणि सगळं जमल्यावर जुन्या डब्ल्यूएस१, डब्ल्यूएस२ साफ करायला इरा कमांड वापराल तेव्हा एंटरच्या आधी नाव दोनदा वाचा. इरा सगळ्या फाइली पुसायला सांगितल्या तरच खात्री करून घेतो, एका फाइलीसाठी काही विचारत बसत नाही.